छेदातील उभे अंतर: मोजायचे काय आणि कशाने

अध्यक्ष महोदय आणि स्थापत्य व्यवसायातील मित्रहो, सिव्हिल थ्रीडी या स्थापत्य ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधील क्रॉस-सेक्शनवर, म्हणजे रस्त्याच्या आडव्या छेदावर, उभी अंतरे मोजण्याच्या योग्य पद्धती सांगण्याचे मी कबूल केले आहे. परंतु त्याआधी एका जुन्या तक्रारीची सुनावणी आपल्यासमोर व्हावी, अशी माझी इच्छा आहे.

सात मीटर रुंदीच्या डांबरी रस्त्याला अडीच टक्के कॅम्बर, म्हणजे मध्यापासून कडेकडे उतार, दिला, तर मध्यरेषेपासून कडेपर्यंतच्या साडेतीन मीटरांत उतार पडतो अवघा 87.5 मिलिमीटर. आडवे आणि उभे स्केल सारखे ठेवले, तर कागदावर तो सपाटच दिसतो. म्हणून सेक्शन व्ह्यूच्या, म्हणजे छेद दाखवणाऱ्या चौकटीच्या, स्टाइलमध्ये व्हर्टिकल एक्झॅजरेशन (उभी मापे किती पट ताणून दाखवायची तो आकडा), समजा, पाच ठेवले जाते. आता त्याच दोन बिंदूंवर अंतर मोजणारी डिस्ट कमांड चालवली, तर डेल्टा वाय, म्हणजे उभा फरक, 0.4375 येतो आणि अंतर 3.527. कमांड खोटे बोलत नाही, ती ड्रॉइंगमधल्या रेषेचीच लांबी सांगते. डेल्टा वायला निदान पाचने भागता येते, 3.527 या आकड्याला मात्र प्रत्यक्ष रस्त्यावर काहीच अर्थ नाही.

(हाताने नकाशे काढणाऱ्या पिढीला हे सांगावे लागत नसे. एल-सेक्शनवर, म्हणजे रस्त्याच्या लांबीच्या दिशेने घेतलेल्या छेदावर, आडवे 1:1000 आणि उभे 1:100 अशी दोन्ही स्केल ठळक लिहिलेली असत, आणि त्रिकोणी स्केलपट्टी फिरवल्याशिवाय कोणी उभे माप घेत नसे. मागच्या रांगेत काही माना डोलत आहेत. त्यांची निवृत्ती जवळ आली असावी.)

माझी तक्रार डिस्टबद्दल नाही; त्यानंतर जे केले जाते, त्याबद्दल आहे. एका रस्त्याच्या कामावर बाजूच्या गटाराची खोली दाखवताना डायमेन्शन 6.00 आले. ड्राफ्ट्समनने मनात पाचने भागले आणि मजकूर ओव्हरराइड करून, म्हणजे आपोआप आलेला आकडा पुसून, हाताने 1.20 लिहिले, जे त्या दिवशी अगदी बरोबर होते. पुढे फेरसर्व्हे झाला, जमिनीचा आरएल (रिड्यूस्ड लेव्हल, म्हणजे ठरलेल्या पातळीपासूनची उंची) 25 सेंटिमीटरने वर गेला आणि छेद आपोआप नव्याने काढला गेला. सुटे डायमेन्शन मात्र जागचे हलले नाही. त्याच्या वरच्या बाणाखाली नवी जमीन नव्हती, आणि आकडा 1.20 चाच राहिला. ठेकेदाराने इन्व्हर्ट लेव्हल, म्हणजे गटाराच्या तळाची पातळी, पाहून 1.45 मीटर खोदले, मोजमाप पुस्तकात तशी नोंद झाली, आणि बिल तपासणाऱ्या साहेबांनी ड्रॉइंगवर बोट ठेवून जादा खोदाईचा खुलासा मागितला. त्यावरच्या पत्रव्यवहाराची फाइल अखेरीस गटारापेक्षा खोल गेली.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा कबूल केलेला विषय आता भरभर सांगतो.

सेक्शन व्ह्यूमधले उभे अंतर म्हणजे दोन आरएलमधील फरक. त्यासाठी सेक्शन व्ह्यूचे ऑफसेट-एलिव्हेशन लेबल दोन्ही बिंदूंवर लावावे आणि वजाबाकी करावी; एक्झॅजरेशन आणि डेटम (व्ह्यूच्या तळाची पातळी) यांचा हिशेब सॉफ्टवेअर स्वतः करते, त्यामुळे वाय कोऑर्डिनेट वाचण्याच्या फंदात पडू नये. उतारासाठी ग्रेड लेबल आहे: ते खरा उतार सांगते, आणि त्याला ऑफसेटमधील फरकाने गुणले की उंचीतील फरक मिळतो.

मात्र ऑफसेट-एलिव्हेशन लेबल आपण क्लिक केलेल्या बिंदूचा आरएल वाचते. जमीन बदलली म्हणून ते जमिनीबरोबर सरकत नाही. बदलत्या सर्व्हेबरोबर आकडेही बदलायला हवे असतील, तर सेक्शनलाच जोडलेली लेबले लावावीत, किंवा छेदाखालच्या डेटा बँडमध्ये, म्हणजे आकड्यांच्या पट्टीत, ग्राउंड (मूळ जमीन) आणि फॉर्मेशन (नियोजित पातळी) असे दोन्ही आरएल आणावेत.

डायमेन्शनच हवे, असा आग्रह असेल, तर उभ्या मापांसाठी वेगळी डायमेन्शन स्टाइल करून तिचा लिनिअर स्केल फॅक्टर (मोजलेल्या लांबीला गुणणारा आकडा) 0.2 ठेवावा, म्हणजे मजकूर हाताने बदलावा लागत नाही. ही स्टाइल आडव्या मापांना चुकूनही लावू नये, आणि एक्झॅजरेशन पाचाचे दहा केले, तर हा फॅक्टर त्याच दिवशी 0.1 करावा.