मोतीराम गवंड्याचा जामीन

नमस्कार श्रोतेहो. जामीनदार म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पतपेढीच्या कर्जासाठी आपण कुणाच्या ना कुणाच्या दारात गेलेलो आहोतच. तुरुंगातून सुटायलाही तोच लागतो.

मोतीराम हा मध्य प्रदेशातला एक गरीब गवंडी. सर्वोच्च न्यायालयानं त्याला जामीन दिला. देशातल्या सगळ्यात मोठ्या न्यायालयानं, बरं का! रक्कम ठरवायची होती खालच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी. त्यांनी ठरवली 10,000 रुपये. सत्तरच्या दशकातले दहा हजार, आणि तेही गवंड्याकडून! भाऊ जामीन राहायला तयार झाला, तर त्याला सांगितलं, तुझी मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, चालणार नाही. म्हणजे जामीन मिळालेला आणि माणूस अडकलेलाच. पुन्हा सांगतो, जामीन मिळालेला आणि माणूस अडकलेलाच. मोतीराम परत सर्वोच्च न्यायालयात गेला. 1978 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालपत्रातच विचारलं, की एखाद्या मल्याळी किंवा तेलुगू माणसाला बस्तरमध्ये पकडलं, तर तिथं मालमत्ता असलेला जामीनदार त्यानं आणायचा कुठून? आणि 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर मोतीरामला सोडायला सांगितलं. जातमुचलका, म्हणजे त्याचं त्यानंच लिहून द्यायचं. दुसरा जामीनदार नको.

हा निकाल इंग्रजीत आहे. असे निकाल सोप्या मराठीत छापून तालुक्याच्या प्रत्येक कोर्टाबाहेर लावले पाहिजेत, असं मला फार वाटतं. कोर्टाची भाषा कळत नाही म्हणून माणूस निम्मा तिथंच खचतो.

आता पुणे. 19 मे 2024 ची पहाट, कल्याणीनगर. भरधाव मोटारीच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले. मोटार चालवणारा सतरा वर्षांचा, बांधकाम व्यावसायिकाचा मुलगा. त्याच दिवशी जामीन. रविवार असूनही त्याच दिवशी. अटींमध्ये 300 शब्दांचा निबंध. अल्पवयीनाला जामीन द्यावा असं कायदाच सांगतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा जीव तुटतो तो मोतीरामासाठी. ही घाई त्याच्या वाट्याला का आली नाही?

2022 अखेर देशाच्या तुरुंगांतल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते, खटल्याचा निकाल न लागलेले. त्यांतले कितीतरी आपल्याच गल्लीतले असतील. असं कुणी ओळखीचं अडकलं असेल, तर मोफत कायदेशीर मदतीचा नंबर लिहून घ्या: 15100. पुन्हा एकदा, एक, पाच, एक, शून्य, शून्य.