‘हॅक’ या शब्दाआड

(नौपाड्यातील एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी घोडबंदर रोडवरच्या एका संकुलातील लिफ्टचे चित्रण मोबाइलवरून फिरू लागले, तेव्हा वार्ताहराने रात्री साडेदहाला पाठवलेल्या चार ओळींवर मी ‘सोसायटीचे कॅमेरे हॅक’ असा मथळा चढवला आणि पान सोडले. दुसऱ्या दिवशी तिथे गेलो, तर वॉचमनच्या केबिनमध्ये टेबलाखाली डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र, त्यावर धुळीचा थर, आणि सेलोटेपने चिकटवलेल्या चिठ्ठीवर निळ्या शाईत पासवर्ड. चित्रण फिरवणाऱ्याला त्याचीही गरज पडली नव्हती. त्याने चालू स्क्रीनसमोर फक्त मोबाइल धरला होता. क्लिपच्या कडेला केबिनमधल्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब स्पष्ट दिसत होते. आदल्या रात्री डेस्कवर ती क्लिप सहा जणांनी पाहिली होती आणि प्रतिबिंब कोणाच्याच डोळ्यांत भरले नव्हते. खुलासा चार दिवसांनी, आतल्या पानावर, तीन ओळींत आला.

‘हॅक’ हा शब्द मथळ्यात छान बसतो, म्हणूनच तो धोक्याचा आहे. दुसऱ्याच संकेतस्थळावरून फुटलेला पासवर्ड वापरून कोणी खात्यात शिरला, कारखान्यातून आलेला पासवर्ड मालकाने बदललाच नाही, कंपनीच्याच नोकराने चित्रण उघडून पाहिले, किंवा सर्व्हरच्या गोंधळात एकाचे घर दुसऱ्याला दिसले, तरी बातमीत सगळे ‘हॅक’च होते. २०१६ साली ‘मिराई’ या घातक प्रणालीने असंख्य कॅमेरे व डीव्हीआर ताब्यात घेतले ते मुख्यतः कारखान्यातल्या पासवर्डांच्या जोरावर. तिथे ‘पासवर्ड बदला’ हा सल्ला उपयोगी होता. नोकरच पाहत असेल तर हाच सल्ला कुचकामी ठरतो.

डिसेंबर २०१९मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात आठ वर्षांच्या मुलीच्या खोलीतील ‘रिंग’ या कंपनीच्या कॅमेऱ्यातून एक परका माणूस तिच्याशी बोलू लागला. आमची यंत्रणा भेदली गेलेली नाही, ग्राहक तेच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरतात, असे कंपनीचे म्हणणे होते आणि अनेक बातम्या तिथेच थांबल्या. मे २०२३मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने आरोप केला की अशा हल्ल्यांची पूर्वसूचना असूनही कंपनीने पुरेसे उपाय केले नाहीत, शिवाय कर्मचाऱ्यांना व कंत्राटदारांना ग्राहकांची खासगी चित्रणे पाहण्याची मोकळीक होती. कंपनीने आरोप नाकारले, पण ५८ लाख डॉलर देऊन तडजोड केली. याला ‘दोषी ठरवून दंड’ म्हणणे जसे चूक, तसेच २०१९चा सगळा भार ग्राहकाच्या माथी मारणेही चूक.

आकड्यांची गंमत (गंमत म्हणायचे, दुसरे काय) ‘वाइझ’ या घरगुती कॅमेऱ्यांच्या कंपनीच्या प्रकरणात दिसते. फेब्रुवारी २०२४मध्ये क्लाउड सेवा बंद पडून पुन्हा सुरू होताना या कंपनीच्या काही ग्राहकांना परक्या घरांची चित्रे दिसू लागली. कंपनीने आधी सांगितले की अशा १४ घटना आढळल्या आहेत. काही दिवसांतच हा आकडा सुमारे १३,००० ग्राहकांवर गेला. पण हे १३,००० जण म्हणजे ज्यांना परक्यांची लघुचित्रे दिसली ते. त्यांवर बोट ठेवून ती उघडणारे १,५०४ होते, आणि त्यांतही बहुतेकांना तेच चित्र मोठे होऊन दिसले, काहींना मात्र चित्रफीतही पाहता आली. कारण म्हणून कंपनीने दुसऱ्या संस्थेकडून घेतलेल्या, नुकत्याच बसवलेल्या साठवणीच्या सॉफ्टवेअरकडे बोट दाखवले. आता ‘१३,००० जणांनी लोकांच्या घरात डोकावले’ हा मथळा अतिशयोक्त, आणि पहिल्या दिवशीच्या १४वर थांबलेली बातमी त्याहून वाईट, कारण तिच्यावर विसंबून निर्धास्त झालेल्या वाचकाला पुढचा आकडा कळतच नाही. डेस्कवर आम्ही पाठपुराव्याच्या बातमीला ‘शिळी’ म्हणत असू.

आपल्याकडे घोळ होतो तो कायद्याच्या बातम्यांत. ‘शेजाऱ्याच्या दारावर कॅमेरा रोखल्यास नव्या डेटा कायद्याने कारवाई’ असे सोसायटीच्या ग्रुपवर फिरते आणि कमिटीच्या बैठकीत वाचूनही दाखवले जाते. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मात्र व्यक्तीने खासगी किंवा घरगुती हेतूने केलेल्या वापराला लागूच होत नाही. म्हणून शेजाऱ्याला काहीही टिपायची मुभा मिळते असे नाही: व्यक्तीच्या गुप्तांगांचे चित्रण तिच्या संमतीशिवाय तिच्या खासगीपणाचा भंग होईल अशा रीतीने करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ सालीच सांगितले आहे. घरगुती वापराची ही सूट व्यक्तीसाठी आहे. सोसायटी म्हणजे व्यक्ती नव्हे, त्यामुळे जिन्यातले, लिफ्टमधले आणि गेटवरचे कॅमेरे या सवलतीत आपोआप बसतात असे धरता येणार नाही. माझ्या त्या मथळ्याखालच्या बातमीत हा प्रश्न यायला हवा होता: ती स्क्रीन कोणाच्या ताब्यात होती, आणि केबिनमध्ये कोणकोण येऊन बसत होते?