तीन साध्या गोष्टी, एक फ्लास्क

बांधावर उगवणारा धोतरा, ज्याचं काटेरी फळ आपण महाशिवरात्रीला पिंडीवर वाहतो, त्याच्या विषात अ‍ॅट्रोपिन असतं. डोळ्याची बाहुली मोठी करायला कधीकधी टाकतात तो थेंब ह्याचाच, आणि फवारणी करताना काही कीटकनाशकांची विषबाधा झाली तर दवाखान्यात जे इंजेक्शन देतात तेही हेच.

ह्या रेणूचा गाभा बघा. सात कार्बनची रिंग आणि तिच्यावर आडवा पूल टाकावा तसा बसलेला नायट्रोजन. 1901 मध्ये जर्मनीचे रसायनशास्त्रज्ञ रिशार्ड व्हिलश्टेटर यांनी हा गाभा, म्हणजे ट्रोपिनोन, लॅबमध्ये बनवला, प्रचंड चिकाटीचं काम, पण पायऱ्या 15 च्या वर, आणि दर पायरीला 80 टक्के माल राखला तरी 15 पायऱ्यांत तो 3.5 टक्क्यांवर येतो, त्यांच्या हाती तर 1 टक्कासुद्धा लागला नाही.

मग 1917. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट रॉबिन्सन ह्याच रेणूकडे बघतात आणि मनातल्या मनात तो सोडवतात, हा बंध तोडला तर काय, तो तोडला तर काय, आणि उरतात फक्त तीन तुकडे: चार कार्बनचं डायअल्डिहाइड (दोन्ही टोकांना अल्डिहाइड गट असलेली साखळी), नायट्रोजन आणणारं मिथाइलअमाइन, आणि अ‍ॅसिटोन. मला ह्या सगळ्या गोष्टीत हाच क्षण सगळ्यात सुंदर वाटतो.

आता फ्लास्कमध्ये, साध्या पाण्यात. मिथाइलअमाइनचा नायट्रोजन डायअल्डिहाइडच्या दोन्ही टोकांना धरतो, पाच अणूंचं कडं होतं, त्यातून पाणी निघून जातं आणि नायट्रोजनशेजारचा कार्बन इलेक्ट्रॉनसाठी आसुसतो, तिथे अ‍ॅसिटोनचं एक टोक येऊन जुळतं, मग पलीकडच्या बाजूलाही तेच, दुसरं टोक वळून येतं आणि रिंग बंद. मधे कुणी काही काढत नाही, गाळत नाही, एक पायरी झाली की तिच्यातूनच पुढची सुरू होते, म्हणून ह्याला कॅस्केड म्हणतात, धबधबा.

नुसत्या अ‍ॅसिटोनने फारच थोडं मिळालं, तेव्हा रॉबिन्सननी त्याच्या दोन्ही टोकांना एकेक आम्लगट असलेलं संयुग घेतलं, त्याने जोडणी सोपी होते आणि काम झालं की ते गट कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. उत्पादन 17 टक्के. पुढे इतरांनी आम्लता नीट सांभाळली आणि ह्याच फ्लास्कमधून 90 टक्क्यांच्या वर ट्रोपिनोन निघू लागलं.