गुरुवार, दुपारचे बारा

नमस्कार श्रोतेहो. वर्षातून एकदा हात वर करून संस्थेची कार्यकारिणी निवडायची आणि उरलेलं वर्ष तिच्या नावानं बोटं मोडायची, हे स्वशासन नव्हे. नियम कोण करतं? तो पाळला जातो का, हे कोण बघतं? मोडला तर दंड कोण करतं? तिन्ही प्रश्नांना ‘आपणच’ हे उत्तर आलं पाहिजे. नियम, देखरेख, दंड. तिन्ही.

स्पेनमधल्या वॅलेन्सियाला चला. गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दाराशी काळे अंगरखे घातलेली माणसं गोलाकार मांडलेल्या खुर्च्यांवर येऊन बसतात. हे न्यायाधीश, पण कायदा शिकलेले नव्हेत, शेतकरी! तुरिया नदीच्या आठ कालव्यांवरच्या शेतकऱ्यांनी आपल्यातूनच निवडलेले. एकेका कालव्याचं नाव घेऊन पुकारा होतो. पाळी नसताना पाणी घेतलं, पाण्याची चारी साफ केली नाही, असल्या तक्रारी. वकील नाही, कागदपत्रं नाहीत. दोन्ही बाजूंनी तोंडानं सांगायचं. आणि आरोपी ज्या कालव्याचा, त्या कालव्याचा प्रतिनिधी निवाड्यात भाग घेत नाही. हे ध्यानात ठेवा, आपल्या माणसाचा निवाडा आपण करायचा नाही. निकाल तिथल्या तिथे, त्यावर अपील नाही. दंड त्या कालव्याच्या नियमांप्रमाणे. अनेक गुरुवारी तर पुकारा होतो आणि कुणीच पुढे येत नाही. शेकडो वर्षं हे चाललंय. २००९ मध्ये युनेस्कोनं त्याची वारसा म्हणून नोंद घेतली. अशा व्यवस्थांचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही २००९ मध्येच.

त्यांच्या अभ्यासातली एक गोष्ट कुठल्याही संस्थेला लागू आहे. दंड लहानापासून सुरू करावा. पहिल्याच चुकीला जबर दंड ठेवला, की तो लावायला कुणी धजत नाही. रोज तोंड बघायचं त्या माणसाला एवढं कोण दुखावणार? मग नियम कागदावरच राहतो. म्हणून आधी समज, मग थोडा दंड, मग वाढता. आणि देखरेख करणाऱ्याला नेमणारे, काढणारे सभासदच हवेत.

जाता जाता, इतिवृत्त घरी नेऊन लिहू नये. सभा उठण्याआधी मोठ्यानं वाचावं, तिथेच सह्या घ्याव्यात. निम्मी भांडणं नंतर घुसवलेल्या ओळींवरून होतात, असं माझं ठाम मत आहे.

आणि तक्रारीचा निकाल किती दिवसांत, हे उपविधीत, म्हणजे संस्थेच्या नियमांत, आकड्यानं लिहा. ‘लवकरात लवकर’ असं लिहू नका. वॅलेन्सियात तक्रार केल्यावर तो साधारणपणे पुढच्या गुरुवारी लागतो.