सोडलेला हात

(अगदी जवळून: टेबलावर पडलेल्या माणसाचा उजवा हात. मनगटाखाली दुसरे दोन हात येतात.)

हे ट्रेगर पद्धतीचं सत्र आहे: हातांनी अंग हलकेच झुलवून स्नायू सैल करायचे. "हात माझ्याकडे सोडून द्या," असं टेबलावरच्या माणसाला थेरपिस्टने सांगितलंय. त्यांनी सोडलाही आहे, निदान त्यांना तसं वाटतंय. पण नीट बघा. थेरपिस्ट मनगट उचलायच्या आधीच कोपर वर यायला लागलंय. हात सुटलेला नाही, तो मदत करतोय. पहिल्यांदा येणारे बहुतेक जण हेच करतात.

थेरपिस्ट काही बोलत नाही. हात खाली ठेवते, कमरेपाशी तळवे टेकवते आणि सगळं अंग हलकेच झुलवू लागते. रगडणं नाही, सांधे कडकड वाजवणं तर नाहीच. अंग आपल्याच वजनाने परत येईल इतपतच ढकलायचं. ते आलं की पुढचा झोका. लय ज्याच्या-त्याच्या अंगाची. घाई केली की स्नायू लगेच सावध होतात.

(टेबलाच्या कडेवरून: पोटावरून मानेपर्यंत जाणारी हालचाल.)

ही पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते मिल्टन ट्रेगर १९०८ साली शिकागोत जन्मले. तरुणपणी बॉक्सिंग करायचे. प्रशिक्षक त्यांना रोज मालिश करून द्यायचा. एकदा त्यांनीच प्रशिक्षकाला करून दिलं, आणि आपल्या हातात काहीतरी आहे हे तेव्हा कळलं. पुढे ते डॉक्टर झाले, हवाईत प्रॅक्टिस केली. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या एसालेन या शिबिर-केंद्रात त्यांनी प्रात्यक्षिक दाखवलं, आणि मग शिकायला माणसं येऊ लागली.

झुलण्याने नेमकं होतं काय? २०११ साली जिनिव्हातल्या संशोधकांनी १२ पुरुषांना दुपारी झोपवलं. एकदा स्थिर पलंगावर, एकदा चार सेकंदांना एक झोका घेणाऱ्या पलंगावर. झुलत्या पलंगावर झोप लवकर लागली. माणसं बाराच, हे खरं. पण मांडीवर बाळ घेतलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही.

(चेहरा. डोळे मिटलेले. डोळ्याच्या कोपऱ्यातून कानाकडे ओघळणारं पाणी.)

हे दुखण्याचं रडू नाही. स्नायूंत दुःख साठून राहतं, असं या क्षेत्रात सर्रास म्हणतात. ते कुठे आणि कसं साठतं, हे मात्र कुणी दाखवून दिलेलं नाही. मला साधी गोष्ट पुरेशी वाटते. रडू आवरायला आपण जबडा आवळतो, श्वास धरतो, पोट आत ओढतो. पकड सैल झाली की आवरायला कुणी उरत नाही.

अशा वेळी थेरपिस्ट काय करते? झोका हळू करते. तळवा तिथेच ठेवते. काय आठवलं, असं विचारत नाही. ते खणून काढणं तिचं काम नाही, त्यासाठी समुपदेशक असतात. "थांबू का?" एवढंच विचारते. उत्तर हो आलं, तर तिथेच थांबायचं.

ताजं फ्रॅक्चर, पायात रक्ताची गुठळी, अंगात ताप असेल, तर मुळात सुरूच करायचं नाही.

(पुन्हा उजवा हात.)

चाळीसएक मिनिटं झाली आहेत. ती मनगट उचलते. कोपर टेबलावरच राहतं. या वेळी तिला दुसरा हात खाली लावावा लागतो, कारण हात जड आहे.