लमडिंगचा चढ आणि पाण्याची वाट

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘लमडिंग जंक्शन आणि डोंगरातलं पाणी’. पाण्याकडे येतो, पण चढ समजल्याशिवाय पाणी कळायचं नाही.

लमडिंग आसामच्या होजाई जिल्ह्यातलं. पश्चिमेला गुवाहाटी, ईशान्येला दिमापूरमार्गे तिनसुकिया, दक्षिणेला डोंगर ओलांडून बदरपूर. आसाम बंगाल रेल्वेने हे जाळं विणलं ते चहा चितगाव बंदरात उतरवायला. १९४७ला चितगाव सीमेपलीकडे गेलं आणि बंदराची वाट तुटली. पण बराक खोरं, त्रिपुरा, मिझोराम यांना देशाशी जोडणारी रेल्वे उरली ती हीच. म्हणून हे छोटं गाव एवढं मोलाचं.

आता माझा लाडका आकडा. भोर घाटाच्या पायथ्याशी, कर्जतला, गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं का लागतात, हे इथे कुणाला सांगायला नको. १:३७चा चढ, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर! मीटरगेजच्या, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांच्या काळात लमडिंग-बदरपूर घाटातला तीव्र चढही १:३७चाच, आणि बोगदेही सदतीस. पाठ करायला सोपं. १००० टनांची गाडी धरा. १:३७वर नुसत्या चढामुळे साधारण २७ टन ओढ मागे खेचते. १:१००वर १० टन. सगळी ओढ पुढच्या इंजिनाने घेतली तर तिचा भार पहिल्या कपलिंगवर, म्हणजे इंजिन-डब्याच्या जोडावर येतो. ते तुटलं की मागचे डबे उताराला लागतात. मागून ढकलणारं इंजिन हा भार वाटून घेतं आणि डबे सुटले तर त्यांना अडवतंही. उतरताना भीती उलटी: ब्रेक ब्लॉक तापतात, पकड कमी होते. म्हणून कॅच सायडिंग, म्हणजे न थांबणारी गाडी वळवून अडवायला बाजूला काढलेला चढता मार्ग. गाडी कुठल्या मार्गावर जाईल ते ठरवणारा रुळांचा सांधा नेहमी या चढत्या मार्गाकडे लावलेला असतो. गाडी आधी पूर्ण थांबली तरच मुख्य मार्गाकडे फिरवायचा. भोर घाटातही हेच, बघा.

ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रूळ करताना नवी आखणी झाली. ऑक्टोबर २०१४ला मीटरगेज बंद झालं, नोव्हेंबर २०१५मध्ये प्रवासी गाड्या सुरू झाल्या. बोगदे २१ उरले, त्यांतला सर्वांत मोठा सव्वातीन किलोमीटरचा. अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. पाच मिनिटं द्या.

तर पाणी. सगळे बोगदे मोजतात, गटारं कुणी मोजत नाही, ही माझी कळकळीची तक्रार. इथला शेल, म्हणजे थराथरांचा मऊ खडक, भिजला की चिकणमाती होतो. मे २०२२मध्ये न्यू हाफलाँग स्थानकात डोंगराचा चिखल घुसला, उभ्या गाडीचे डबे कलंडले आणि मार्ग सुमारे दोन महिने बंद राहिला.

उपाय वरून खाली करायचा. कापलेल्या दरडीच्या माथ्याच्या मागे, पक्क्या तळाचं पाणी अडवणारं गटार. तळाला चीर गेली तर तेच गटार दरडीत पाणी मुरवतं, मग ते नसलेलं बरं. दरडीला पायऱ्या, प्रत्येक पायरीचा उतार गटाराकडे. पायथ्याशी भिंत, भिंतीमागे खडीचा गाळणथर, भिंतीत पाणी सुटायला भोकं. पाऊस उघडल्यावर जाऊन बघा: वरची दरड झिरपतेय, पण भोकं कोरडी, म्हणजे गाळणथर बुजलाय आणि पाणी भिंतीमागे साठतंय. भिंतीला पोट सुटलं तर वेळ संपत आलेली असते. तिथे लगेच गाडीचा वेग उतरवायचा, माणूस उभा करायचा, भोकं मोकळी करायची. आणि गटारातला गाळ एप्रिलआधीच काढायचा, कारण तिकडे जूनची वाट न बघता पाऊस येतो.