बाळंतिणीची सर्दी: काढा घ्यायचा की गोळी?

बाळंतिणीला सर्दी झाली की घरात दोन गोष्टी लगेच सुरू होतात. आई नाहीतर सासूबाई काढ्याचं पातेलं गॅसवर चढवतात आणि कुणीतरी बजावतं, अगं गोळी-बिळी घेऊ नकोस हां, दुधातून बाळाला जाईल. दोघांच्याही मनात मायाच असते. पण त्या काढ्यात काय काय पडलंय, तो दिवसातून किती वेळा प्यायचा, हे कुणी विचारत नाही, कारण तो घरचा आहे, झाडपाल्याचा आहे, त्याने काय होणारे.

आधी एक सांगून टाकते. साध्या सर्दी-तापात दूध पाजणं थांबवायचं नाही. आईच्या अंगात त्या व्हायरसविरुद्ध ज्या अँटिबॉडीज तयार होतात त्या दुधातून बाळाला मिळतात, आणि तुम्हाला पहिली शिंक यायच्या आधीपासून बाळ तुमच्या कुशीतच आहे, त्यामुळे आता त्याला दुधापासून लांब ठेवून काही साधत नाही. हात धुवा, मास्क लावा आणि पाजा. तरीपण कितीतरी जणींना "औषध चालू आहे ना, मग चार दिवस वरचं दूध द्या" असं सांगितलं जातं, मग छाती भरून दगड होते, दूध कमी व्हायला लागतं, बाळाला बाटलीची सवय लागते आणि परत अंगावर घ्यायला रडारड. याचा मला खरंच राग येतो, कारण बहुतेक वेळा याची काहीच गरज नसते.

आता ही सर्दीच्या गोळ्यांची स्ट्रिप बघा. समोर मोठं नाव. उलटी करा, मागे बारीक अक्षरात खरी माहिती आहे: पॅरासिटामॉल, फिनाईलेफ्रिन, क्लोरफेनिरामिन, कधीकधी कॅफिनसुद्धा. म्हणजे मेडिकलवाल्याने "सर्दीची एक गोळी" म्हणून दिली पण पोटात औषधं गेली तीन-चार, आणि तुम्हाला बहुतेक त्यातलं एकच हवं होतं.

यातलं पॅरासिटामॉल बिनधास्त घ्या, ठरलेल्या डोसमध्ये. ते दुधात अगदी थोडं उतरतं, बाळाला ताप आल्यावर डॉक्टर त्याला थेट जेवढं देतात त्याहून कितीतरी कमी. आयबुप्रोफेनपण चालतं. ॲस्पिरिन मात्र नको. क्लोरफेनिरामिन हे वाहत्या नाकाचं, ॲलर्जीचं औषध, त्याने आईला झोप येते आणि बाळही सुस्त होऊ शकतं, एखादी गोळी चुकून घेतली म्हणून घाबरू नका, पण मोठ्या डोसमध्ये रोज रोज घेतलं तर दूध कमी होऊ शकतं, त्यापेक्षा सेटिरिझिन किंवा लोराटाडिन बरं. आणि फिनाईलेफ्रिनचं तर असंय की २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, तज्ज्ञ समितीने एकमताने सांगितलं की तोंडावाटे घेतल्यावर ते नाक मोकळं करतच नाही. मग पाजणाऱ्या आईने ते घ्यायचंच कशाला?

त्याचंच एक भावंड आहे, स्यूडोएफेड्रिन. परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलींनी हे नाव नीट लक्षात ठेवा, कारण तिकडच्या सर्दीच्या गोळ्यांमध्ये ते जास्त सापडतं. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ८ आयांना ६० मिलिग्रॅमचा एकच डोस दिला आणि पुढच्या २४ तासांत त्यांचं दूध सरासरी २४ टक्क्यांनी घटलं. अभ्यास छोटा आहे, मान्य, पण जिचं दूध आधीच जेमतेम येतंय तिने हा धोका का पत्करावा.

नाक चोंदलंय ना, तर मिठाच्या पाण्याचे म्हणजे सलाईनचे ड्रॉप्स. फारच त्रास असेल तर झायलोमेटाझोलिनचे ड्रॉप्स दोन-तीन दिवस, ते रक्तात फारसे जात नाहीत म्हणून दुधातही नाहीत, पण जास्त दिवस घातले तर नाक उलट जास्तच चोंदतं. वाफ घ्या, पण गरम पाण्याचं पातेलं बाळापासून लांब ठेवून.

खोकल्याच्या सिरपमध्ये कोडीन आहे का एवढं नक्की बघा. काही बायकांच्या शरीरात कोडीनचं मॉर्फिन फार पटकन आणि फार जास्त होतं, ते दुधात उतरतं आणि बाळाचा श्वास मंदावू शकतो. २०१७ मध्ये एफडीएने पाजणाऱ्या आयांनी कोडीन घेऊ नये असं स्पष्ट सांगितलं.

आणि हे कोडीन येतं कुठून? अफूच्या बोंडातून. स्यूडोएफेड्रिन मूळचं एफेड्रा नावाच्या झुडपातलं. खोकल्याच्या औषधातलं ब्रोमहेक्सिन बनलं ते आपल्या अडुळशातल्या घटकावरून. म्हणजे झाडपाला एकीकडे आणि केमिकल दुसरीकडे अशी भिंत मुळात नाहीच्चे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत गिरणीत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या बाळाला झोपवायला बाळागोळी द्यायच्या, तिच्यात अफू असायची. त्या बायांना दोष देऊन उपयोग नाही, बाळ घरी ठेवून पाळीवर जायचं तर दुसरं करणार काय, पण गोळी झाडाची होती म्हणून बाळाला कमी बाधली असं झालं नाही.

तर आता काढ्याचं पातेलं. तुळस, आलं, गवती चहा, चार मिरे, चिमूटभर हळद. स्वयंपाकात पडतं तेवढ्या प्रमाणात कपभर काढा घेतला तर काही हरकत नाही, घशाला बरंच वाटतं. ज्येष्ठमध जपून. तो रोज भरपूर घेतला तर ब्लडप्रेशर वाढतं, पोटॅशियम कमी होतं, आणि गरोदरपणात बीपी वाढलेलं असेल तर ज्येष्ठमध नकोच. गुळवेल कोविडच्या काळात घराघरांत पोचली, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या ६ पेशंटचा अहवाल छापला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वनस्पती ओळखण्यात गल्लत झाली असेल असं म्हटलं. पण मला विचाराल तर तोच तर मुद्दा आहे, कुंपणावरची वेल तोडून आणलीत ती नक्की कोणती हे घरात कोण सांगणार?

दशमूलारिष्ट बाळंतिणीला हमखास दिलं जातं. आसव-अरिष्टांमध्ये आंबवताना अल्कोहोल तयार होतं, बाटलीवर ते लिहिलेलं असतं, वाचा आणि वैद्यांनी सांगितलेल्या मापाच्या वर जाऊ नका. भस्मं आणि रसौषधी, म्हणजे धातू-खनिजं वापरून केलेली औषधं, तर स्वतःच्या मनाने अजिबात नको. २००४ मध्ये बोस्टन भागातल्या दक्षिण आशियाई दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिसं दुधात उतरतं. पुडीवर नाव नाही, कंपनी नाही, घटक नाहीत, तर ती पुडी कितीही मोठ्या माणसाने दिलेली असो, बाजूला ठेवा.

बाळालाच सर्दी झाली तर त्याला वेखंडाचं चाटण नको, वर्षाच्या आत मध नको, नाकाला-छातीला कापूर नको. कापूर पोटात गेला तर तान्ह्या बाळाला झटके येऊ शकतात.

डॉक्टरकडे किंवा मेडिकलमध्ये गेलात की तोंड उघडताच सांगा, मी अंगावर पाजते, बाळ एवढ्या दिवसांचं आहे, दिवस भरण्याआधी झालंय का वेळेवर. हे सांगणं फार गरजेचं आहे कारण जे औषध आठ महिन्यांच्या बाळाला सहज पचतं ते आठ दिवसांच्या बाळाच्या लिव्हरला जड जातं. काढा, अरिष्ट, चूर्ण जे काही चालू असेल तेही सांगा, लपवू नका. कुणी पटकन "पाजणं बंद करा" म्हणालं तर विचारा, याऐवजी दुसरं कुठलं औषध चालेल का. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा लॅक्टमेड नावाचा डेटाबेस फुकट आहे, कुठलं औषध दुधात किती उतरतं ते त्यात मिळतं, डॉक्टरांना तिथे बघायला सांगितलंत तर त्यात काही वावगं नाही.

आणि तुम्ही काहीही घेतल्यावर बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपतंय, उठवूनही नीट ओढत नाहीये, अंग ढिलं पडलंय, श्वास मंद किंवा अडखळत चाललाय असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, घेतलेल्या औषधाची स्ट्रिप, बाटली, पुडी सगळं पिशवीत टाका आणि बाळाला घेऊन तसेच हॉस्पिटल गाठा.